मिठागरातली डोंगरी

बांध फुटला तो सकाळी, चहाच्या वेळी. मोठा आवाज असा झालाच नाही. आदल्या दिवसापासून उधाण होतं. समुद्र बांधाच्या कडेशी येऊन ठेपला होता. कुठल्यातरी खेकड्याच्या बिळातून झिरपायला लागलेलं पाणी वाट मोठी करत गेलं आणि बांधाला खिंडार पडलं. सासूबाई बाहेर भांडी घासत बसल्या होत्या. त्यांना आधी वाटलं, वारा सुटला. मग पायांखाली पाणी आलं तशा त्या ओरडल्या, "अगं डोंगरी, ऊठ! समुद्र आत आला!"

डोंगरी आत पिशवी भरत होती. दोन जोड कपडे, वही, पेन्सिली, आणि नवऱ्याकडून मागून घेतलेली टॉर्च. दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या वर्गाची बस सुटणार होती. ती पिशवी तशीच टाकून बाहेर धावली. पाहते तो काय, काल संध्याकाळपर्यंत ज्या वाफ्यांत मिठाची साय धरायला लागली होती, तिथं गढूळ पाणी गोल गोल फिरत होतं. म्हातारा, म्हणजे तिचा सासरा, खिंडारापाशी पोचलासुद्धा होता. तो फाटलेल्या बांधाच्या तोंडाशी पाठ लावून उभा होता, जसा काही एकट्याच्या पाठीनं समुद्र अडवणार होता. नवरा त्याच्या काखेत हात घालून त्याला मागं ओढत होता.

"बाबा, सोडा. वाहून जाल."

"पोती आण! माझ्याशी बोलत काय बसलास!"

दुपारी ओहोटी लागली आणि पाणी आलं त्याच वाटेनं परत गेलं. जाताना ते मीठ तर घेऊन गेलंच, पण वर्षानुवर्षं तुडवून तुडवून दगडासारखी केलेली वाफ्यांची जमीनही उकरून गेलं. चौघं जण ते बघत उभे राहिले. मग सासूबाईंनीच गार झालेला चहा पुन्हा गरम केला आणि सगळ्यांच्या हातात दिला.

डोंगरी हे तिचं नाव नव्हे. ती डोंगरातून लग्न करून आली म्हणून मिठागरात सगळे तिला तसं म्हणायला लागले, आणि पुढं तेच पडलं. माहेरी घरामागं कातळातून झरा यायचा. पाणी एवढं थंड की दात शिवशिवायचे. इथं प्यायचं पाणी टँकरनं यायचं आणि पिंपात भरून ठेवलं तरी त्याला खारट वास लागायचा. पहिली काही वर्षं ती ओंजळीनं पाणी पिताना डोळे मिटून घ्यायची. आईवडील गेले, भाऊ घर टाकून शहराकडे गेला, आणि माहेराला जाण्याचं निमित्तच संपलं. मूलबाळ झालं नाही. त्यावरचं घरातलं बोलणंही हळूहळू थांबलं. एक दिवस नवरा म्हणाला, "बारावी झालीयस ना? मग पुढं शीक की. रविवारी वर्ग असतात गावात." तिनं विषय घेतला भूगोल. का घेतला, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. पुस्तकातलं डोंगराचं चित्र बघून घेतला, एवढं मात्र खरं.

आणि यंदाची अभ्याससहल नेमकी तिच्या माहेरच्या डोंगरांत जाणार होती. वर्गाच्या मॅडमनी नकाशावर बोट ठेवून जागा दाखवली होती. ते बोट तिच्या झऱ्यापासून नखभर अंतरावर होतं.

संध्याकाळी जेवताना तिनं ताटाकडे बघत विचारलं, "मग मी उद्या...?"

सासूबाई म्हणाल्या, "जायचं तर जा बाई. पण माती कोण वाहणार? मी? माझे गुडघे?"

नवरा भात कालवत राहिला. म्हातारा म्हणाला, "पुढच्या उधाणाच्या आत बांध उभा राहिला नाही, तर हंगाम गेला. मालक म्हणेल, गेला तर गेला. त्याला काय, त्याला मिठागर बंद करायला निमित्तच हवंय."

डोंगरीनं पिशवीतले कपडे काढून पुन्हा दोरीवर टाकले. बस गेली त्या सकाळी ती कमरेएवढ्या चिखलात उभी होती.

बांधाची माती साधी चालत नाही. चिकट, काळी, बोटांतून न गळणारी लागते. म्हातारा सांगायचा की पूर्वी ती बांधासमोरच मिळायची. ओहोटीला खाडीत उतरलं की हवी तेवढी काढा. आता समोर नुसती रेती आणि शिंपल्यांचा चुरा. चांगल्या मातीसाठी खाडीच्या पार आतल्या वळणापर्यंत जावं लागत होतं. नवरा फावड्यानं चिखलाचे ठोकळे कापायचा, डोंगरी ते घमेल्यात घेऊन डोक्यावरून आणायची, म्हातारा ते एकावर एक बसवून पायांनी तुडवायचा. चिखलात पाय रुतला की ओढून काढताना मांडीपर्यंत शिरा ताठायच्या. पायांना मिठानं पडलेल्या भेगांत चिखल शिरायचा आणि ऊन चढलं की वाळून त्या भेगा आणखी फाकवायचा. नवरा गमतीनं म्हणायचा, "तुमच्या भूगोलात दऱ्या असतात ना, त्या इथं बघा, माझ्या टाचेत."

"टाचेतल्या दऱ्यांना तेल लावतात," ती म्हणायची. "घरी चला, लावते."

मालकाचा मुकादम रोज एकदा मोटरसायकल बांधाच्या टोकाला उभी करून बघून जायचा. बूट चिखलात भरू नयेत म्हणून खाली उतरायचा नाही. एकदा त्यानं तिथूनच आवाज दिला, "काय कॉलेजकुमारी, शिकून शेवटी चिखलच ना?" बाजूच्या वाफ्यातले लोक हसले. डोंगरीच्या डोक्यावर घमेलं होतं, मान वळवता आली नाही. नवऱ्याचं फावडं थांबलं. पण मुकादमाला काही बोलणं म्हणजे मिठागर सोडणं, हे दोघांनाही ठाऊक होतं. फावडं पुन्हा चालायला लागलं.

काम पुरं व्हायच्या सुमाराला एका दुपारी म्हातारा आणि ती बांधाच्या सावलीला बसली होती. नवरा पाणी आणायला गेला होता. म्हाताऱ्यानं पायाचा चिखल शिंपल्यानं खरवडत विचारलं, "तुझ्या पुस्तकात या बांधाचं काय लिहिलंय?"

"या बांधाचं नाही लिहिलेलं, मामंजी. समुद्राचं लिहिलंय."

"काय?"

ती घुटमळली. रविवारी वर्गात मॅडमनी सांगितलं होतं, तेव्हा तिनं ते भराभर उतरवून घेतलं होतं. उत्तरं लिहायला सोपा धडा होता तो. इथं बांधाशी बसून तोच धडा तोंडातून निघेना.

"वाढतोय तो," ती म्हणाली.

"किती?"

तिनं बोटाची दोन पेरं दाखवली. "काही वर्षांत एवढा."

म्हातारा खो खो हसला. "एवढाच? अगं, मग मी दर वर्षी एक थर जास्त टाकीन!"

"थांबत नाही ना तो, मामंजी. लांब लांबचा बर्फ वितळतोय. आणि पाणी तापलं की फुगतं, जागा जास्त घेतं. शिवाय नदी पूर्वी गाळ आणायची, तो इथं बसायचा. वर आमच्याकडे धरणं झाली, गाळ तिथंच अडला. म्हणून तुम्हाला माती मिळत नाही समोर."

म्हाताऱ्याचं हसू गेलं. मातीचं तिनं सांगितलं ते त्याला पटलं होतं, आणि पटलं म्हणूनच तो चिडला होता, हे तिला त्याच्या जबड्यावरून कळलं.

"मी मेल्यावर तरी थांबेल?"

तिला खोटं बोलता आलं असतं. पुढं अनेकदा तिला वाटलं की बोलायला हवं होतं. "नाही," ती म्हणाली. "आम्ही मेल्यावरही नाही."

म्हातारा उठला. पुढ्यातला ठोकळा उचलून त्यानं बांधावर आपटला आणि तुडवायला लागला. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलेनासा झाला. पाण्याचं भांडं तिच्या हातून घेईना. ती वाढायला आली की म्हणायचा, "तिला सांग, बस झालं," आणि सासूबाई एवढ्याशा खोलीत इकडचा निरोप तिकडे करायच्या. शेवटी त्याच वैतागल्या. "मी काय टपालखातं आहे का तुमचं? काय बोललीस गं तू त्यांना?"

"समुद्राचं बोलले."

"मग माफी माग."

"कुणाची, आत्याबाई? समुद्राची?"

सासूबाईंना हसू आवरलं नाही. हसताना मात्र त्यांनी पाठ फिरवली.

बांध उभा राहिला आणि पुढचं उधाण त्याच्या बाहेरूनच मागं फिरलं. मग वाफे पुन्हा तुडवून काढले, पाणी घेतलं, आणि कडक उन्हाचे दिवस लागले. पाण्यावर आधी पातळ कागदासारखा पापुद्रा यायचा. वारा आला की तो सुरकुतायचा. मग तो जड होऊन तळाला बसायचा आणि दुसरा यायचा. लांब दांड्याच्या फळीनं मीठ कडेला ओढताना करकर असा आवाज व्हायचा. इतक्या वर्षांत तो आवाज तिच्या कानांना फक्त कामाचा वाटला होता. त्या हंगामात पहिल्यांदा ती फळी थांबवून बघत राहिली. ढिगांवर ऊन पडलं होतं, त्यांच्याकडे बघवत नव्हतं. तिच्या मनात आलं, आमच्या डोंगरावर पाऊस पडतो, तो दगड चाटत चाटत खाली येतो, समुद्राला मिळतो, आणि ते दगडाचं मीठ मी इथं ओढून काढतेय. म्हणजे मी काही फार लांब आलेली नाही. हे तिला कोणाला तरी सांगावंसं वाटलं. म्हातारा पलीकडच्या वाफ्यात होता. तो बोलत नव्हता.

पावसाळा सरला आणि मालकानं मुकादमाकरवी कळवलं की मिठागर बंद. पुढं कोळंबीची तळी होणार होती. त्यासाठी आधी सगळीकडे समुद्राचं पाणी भरून जमीन मऊ करून घ्यायची होती. ज्यांना तळ्यांवर राखणदार म्हणून राहायचं असेल त्यांनी नावं द्यावीत, बाकीच्यांनी खोल्या सोडाव्यात.

बांधात एक उघाडी होती, म्हणजे पाणी आत घ्यायचं नि बाहेर सोडायचं दार. त्याच्या फळ्या खाचेत अशा फुगून बसल्या होत्या की मालकाच्या माणसांना निघेनात. त्यांनी पहार आणली, घण आणला. ठोकून ठोकून एका फळीची ढलपी उडाली. म्हातारा दारातून बघत होता. ढलपी उडाली तसा तो उठला आणि तरातरा चालत गेला.

"हात लावू नका," तो त्या पोरांना म्हणाला. "तिला मारताय कशाला?"

मुकादम मोटरसायकलवरून म्हणाला, "मग तू काढ बाबा. तूच बसवलीयस ना?"

म्हातारा पाण्यात उतरला. फळीच्या कडेनं बोट फिरवत त्यानं कुठं जोर द्यायचा ते शोधलं. मग खांदा लावला, आणि फळी खाचेतून सरकून वर आली. मग दुसरी. भरतीचं पाणी घाई न करता आत यायला लागलं. ते चरांतून गेलं, वाफ्यांत उतरलं, जिथं मीठ ढिगानं रचायचे तो ओटा त्यानं ओला केला. म्हातारा छातीपर्यंत पाण्यात फळी धरून उभा होता. डोंगरी उतरली आणि तिनं फळीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून फळ्या काठावर आणून ठेवल्या, बाजूबाजूला, नीट.

"एवढ्यासाठीच तुडवला होता का गं बांध?" म्हातारा म्हणाला. इतक्या महिन्यांत तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. "तुझा समुद्र जिंकला असता तर मला काही वाटलं नसतं. मी माझ्या हातानं त्याला आत घेतला."

तिनं त्याच्या हाताला धरून त्याला कोरड्यावर आणलं. त्यानं हात काढून घेतला नाही.

गावात त्यांना जिन्याखालची एक खोली मिळाली. नवरा बर्फाच्या कारखान्यात लागला. मासळीसाठीच्या लाद्या आकड्यानं ओढायच्या आणि यंत्रात टाकायच्या. उन्हात जळलेले त्याचे पाय आता गारठ्यानं काळेनिळे पडायला लागले. सासूबाईंना शेजारीण मिळाली, गुडघ्यांना औषध मिळालं; त्या तशा खूश होत्या, पण तसं दाखवत नसत. म्हातारा मात्र खिडकीशी बसायचा. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची. दुपारी भिंतीवर ऊन आलं की तो म्हणायचा, "आज चांगलं धरलं असतं." मीठ, असं म्हणायची गरज नसायची. कोणी उत्तर दिलं नाही तरी त्याचं चालायचं.

आणि पुढच्या सहलीच्या वेळी कोणी डोंगरीला अडवलं नाही. अडवायला कामच नव्हतं. नवरा तिला बसपर्यंत सोडायला आला. बस सुटताना म्हणाला, "झऱ्याचं पाणी पोटभर पिऊन ये."

बसमध्ये सगळी पोरं तिच्यापेक्षा लहान. गाणी, आरडाओरडा. ती खिडकीला चिकटून बसली. जमीन हळूहळू चढायला लागली, हवेतला खारेपणा गेला, आणि एका वळणावर डोंगरांची ती ओळखीची रांग समोर आली. मॅडमना सांगून तिनं दुपारचा थोडा वेळ मागून घेतला आणि एकटीच पायवाटेनं वर गेली.

घराचं छप्पर बसलं होतं. आतून झाड उगवलं होतं. मागचा कातळ तसाच होता, पण झरा राहिला नव्हता. नुसता ओलसर डाग होता, त्यावर शेवाळ. तिनं त्यावर तळहात ठेवला. दगड गार होता. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. इतकी वर्षं ती मनातल्या मनात या जागी येत होती. आणि आता खरोखर आली तर मन म्हणत होतं, आत्ता भरती असेल. आत्ता पाणी बांधाला लागलं असेल.

वाटेवर एक लाकूड वेचणारी बाई भेटली. तिनं हिच्याकडे आपादमस्तक बघून विचारलं, "कुठल्या हो तुम्ही?"

"इथलीच" असं म्हणायला डोंगरीनं तोंड उघडलं. "मिठागरातली," ती म्हणाली.

"ते कुठं आलं?"

"खाली. समुद्राला लागून." आणि मग, जरा थांबून, "होतं."

संध्याकाळी मॅडमनी सगळ्यांना एका खणलेल्या कड्यापाशी नेलं. करड्या खडकाचे थरावर थर. मॅडमनी हातोडीनं एक तुकडा पाडला, पाण्यानं धुतला आणि हातोहात फिरवला. त्यात एक शिंपला होता, सबंध, उघड्या पंख्यासारखा, रेघन् रेघ शाबूत. "हा सगळा भाग समुद्राच्या तळाशी होता," मॅडम म्हणाल्या. "हे थर तिथं साचले, आणि मग जमीन वर उचलली गेली." पोरं फोटो काढून पुढं गेली. डोंगरी मागं राहिली. पायाशी पडलेल्या चुऱ्यात तिनं शोध शोध शोधलं, आणि तिला एक सापडला. मॅडमच्यापेक्षा लहान, एका कडेला फुटलेला. तो तिनं रुमालात गुंडाळून घेतला.

घरी आल्यावर तिनं तो म्हाताऱ्याच्या हातात दिला. तो खिडकीशीच होता. नवरा कामावरून येऊन पाय गरम पाण्यात सोडून बसला होता. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या लांब जाऊन दगड आणलास?"

म्हाताऱ्यानं तो उलटासुलटा केला. डोळ्यांजवळ नेला. अंगठा शिंपल्याच्या रेघांवरून फिरवला.

"हा आपल्याकडचा आहे," तो म्हणाला.

"नाही मामंजी. डोंगरातला आहे. आमच्या घरापासून जवळच. पूर्वी तिथं समुद्र होता."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं, थट्टा तर करत नाही ना, असं. मग त्यानं दगड तोंडाशी नेला आणि जिभेचं टोक लावलं.

"खारट नाही."

"पावसानं धुतला गेलाय. फार फार वर्षांच्या."

"मग तो समुद्र गेला कुठं?"

"जमीन वर आली. तो खाली राहिला."

बाहेर जिन्यावरून कोणी चढून गेलं, त्या पावलांचा आवाज डोक्यावरून निघून गेला. मग म्हाताऱ्यानं विचारलं, "आपली येईल वर?"

"येईल," डोंगरी म्हणाली. "कधीतरी येईलच. पण त्याला..."

त्यानं हात वर केला. "ते नको सांगूस. येईल म्हणालीस ना, बस."

ती त्याच्या शेजारी खाली बसली. त्यानं पुन्हा एकदा तो दगड चाटून बघितला, या वेळी दुसऱ्या बाजूनं, आणि मान हलवली.

"एवढा मोठा समुद्र होता म्हणतेस, डोंगरावर," तो म्हणाला. "मग त्याचं मीठ कोण काढायचं?"

"कोणी नाही, मामंजी. तेव्हा माणूसच नव्हता."

म्हातारा समोरच्या भिंतीवरच्या उन्हाकडे बघत राहिला.

"म्हणजे सगळं वायाच गेलं की गं," तो हळहळून म्हणाला.